कंपनी डोक्यातून बाहेर काढताना

“तुम्ही पंधरा दिवस अंथरुणाला खिळलात, तर काय काय बंद पडेल?”

गुंतवणुकीसाठी झालेल्या एका बैठकीत समोरच्या बाईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी २१ वर्षांची होते. फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत पेशंटच्या वेळा ठरवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या माझ्या कंपनीला दोन वर्षं झाली होती. “काहीच नाही, सगळं आपोआप चालतं,” मी लगेच म्हणाले. खोटं बोलत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी मान हलवली, वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि आठवड्याभराने नकार कळवला. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला दहा महिन्यांनी मिळालं, रात्री पावणेदोन वाजता. पण त्या रात्रीची मुळं आधीच्या दिवसांत आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

१९ व्या वर्षी माझ्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला. शस्त्रक्रियेनंतर चार महिने, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी. दवाखाना छोटा होता: दोन थेरपिस्ट, तीन खाटा आणि काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई. त्यांच्यासमोर जाड नोंदवही. एकाच वेळेला दोन पेशंट येऊन उभे राहिले की त्यांतल्या एकाला पाऊण तास बसून राहावं लागायचं, आणि बरेचदा ती मी असायचे. त्या बसण्यातच मला दिसायला लागलं की बाईंचा निम्मा दिवस “माझी वेळ कितीची आहे हो?” या एका प्रश्नाला उत्तर देण्यात जातो. मी तेव्हा कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाईंना विचारलं, “मी आठवडाभर तुमच्या शेजारी बसू का?”

“बस की. पण फोन वाजला तर उचलायचा,” त्या म्हणाल्या.

पुढच्या सात वर्षांत मी जे काही विकलं, त्याचा पाया त्या आठवड्यात घातला गेला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वेळ ठरवणं म्हणजे तारीख आणि तास. प्रत्यक्षात थेरपिस्ट मोकळा हवा, खाट मोकळी हवी आणि मान किंवा कंबर ताणून धरणारं ट्रॅक्शनचं मशीन एकच असेल तर तेही मोकळं हवं. पहिल्या भेटीला ४५ मिनिटं लागतात, पुढच्या भेटींना ३०. संधिवाताच्या पेशंटांना सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात, त्यांना नऊची वेळ देऊन चालत नाही. आणि बाईंची स्वतःची एक पद्धत होती: विचारून सांगतो म्हणणाऱ्याचं नाव पेन्सिलने, नक्की येणाऱ्याचं पेनने. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही नोंदीच्या दोन अवस्था आहेत, फिकट आणि गडद. त्या तिथून आल्या.

पहिली आवृत्ती मी आणि माझा एक वर्गमित्र, दोघांनी मिळून सहा आठवड्यांत लिहिली. दवाखान्यात बसवली आणि दुसऱ्याच आठवड्यात तीच जुनी तक्रार आली: एका वेळेला दोन पेशंट. आमचा कोड आधी डेटाबेसला विचारायचा, “साडेदहा मोकळे आहेत का?” हो म्हटलं की मग नोंद करायचा. विचारणं आणि लिहिणं यांच्यामध्ये काही मिलिसेकंदांची फट होती. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघांनाही ‘मोकळे आहेत’ असंच उत्तर जायचं. आम्ही चार दिवस कोडमध्ये ठिगळं लावत बसलो. मग कळलं की याचं उत्तर डेटाबेसमध्येच आहे. आम्ही वापरत असलेल्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१० साली आलेल्या ९.० या आवृत्तीपासून ‘एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट’ नावाची सोय आहे. टेबललाच नियम घालून द्यायचा की एका खाटेच्या दोन नोंदींच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. मग वरचा कोड कितीही चुकला तरी दुसरी नोंद डेटाबेस घेतच नाही. त्यातही एक बारकावा: दहा ते साडेदहा आणि साडेदहा ते अकरा यांची टक्कर होऊ नये म्हणून प्रत्येक वेळेची सुरुवात धरायची आणि शेवटचा क्षण सोडायचा. ते जमलं त्या दिवशी मला झालेला आनंद मी पुढे पहिल्या मोठ्या करारालाही अनुभवला नाही.

सुरुवातीचे ग्राहक आम्ही एकेक करून, त्यांच्या काउंटरवर बसून मिळवले. स्ट्राइप ही पैसे स्वीकारण्याची व्यवस्था उभी करणारे पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन हे भाऊ सुरुवातीला काय करायचे, ते मी वाचलं होतं. कोणी “वापरून बघतो” म्हटलं की ते लिंक पाठवत नसत, “लॅपटॉप द्या” म्हणून तिथल्या तिथे सगळं बसवून देत. त्याआधीची त्यांची कंपनी २००८ मध्ये विकली गेली तेव्हा पॅट्रिक १९ वर्षांचा होता, जॉन १७. लोक ही वयं सांगतात, मला मात्र तो लॅपटॉप जास्त महत्त्वाचा वाटत आला. आम्हीही तसंच केलं. नोंदवहीतली पुढच्या महिन्याची पानं स्वतः टाइप करून द्यायचो, कारण काउंटरवरच्या माणसाला त्या कामासाठी वेळ कधीच नसतो, आणि तेवढ्यावरून चांगलं सॉफ्टवेअर पडून राहतं.

आठ महिन्यांनी मित्र गेला. त्याला हवी तशी नोकरी मिळाली, भांडण काहीच नव्हतं. पण पहिल्या दिवशी आम्ही शेअर निम्मे-निम्मे लिहून घेतले होते, कोणतीही अट न घालता. प्रचलित रीत अशी आहे की संस्थापकाचे शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने त्याचे होतात आणि पहिलं वर्ष भरायच्या आत तो गेला तर त्याला काहीच मिळत नाही. याला व्हेस्टिंग म्हणतात. आम्हाला कोणालाच ते ठाऊक नव्हतं. कागदोपत्री निम्मी कंपनी त्याची होती आणि पुढची सगळी वर्षं राबणार होते मी. तीन आठवडे आम्ही बोलत होतो. शेवटी त्याने सहा टक्के ठेवले आणि बाकीचे आपणहून परत दिले. त्याचं ते वागणं मी कधी विसरणार नाही. पण कंपनीचं भवितव्य एका मित्राच्या चांगुलपणावर टांगलेलं असू नये. कोणाबरोबर काही सुरू करत असाल तर ही चार वर्षांची अट पहिल्या दिवशी लिहून घ्या, मैत्री घट्ट असताना.

तो जाताना त्याच्या डोक्यातलं सगळं माझ्या डोक्यात ओतून गेला. दोन संध्याकाळी बसून त्याने मला सर्व्हर समजावले. बॅकअपचं विचारलं तेव्हा म्हणाला, “रोज रात्री तीनला होतो, काळजी करू नकोस.” मी केली नाही.

पुढची दोन वर्षं मी अक्षरशः कंपनी होते. कोड मी, बिलं मी, दुरुस्ती मी. सपोर्टचे फोन बघायला एक अर्धवेळ सहकारी होता. गुंतवणूक न मिळाल्याने वाढ ग्राहकांच्या पैशातूनच करायची होती. त्यात एक गणित मला फार उपयोगी पडलं. महिन्याला शंभरातले पाच ग्राहक सोडून जात असतील तर ऐकायला ते थोडे वाटतात, पण ०.९५ ला स्वतःने बारा वेळा गुणलं की वर्षाअखेरीस शंभरातले ५४ च उरतात. दोनच जात असतील तर ७८ उरतात. म्हणून मी नवे ग्राहक शोधायचं काम जवळजवळ थांबवलं आणि सोडून गेलेल्यांना फोन करत बसले. चर्न, म्हणजे सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, खाली आला, दवाखाने ६३ झाले. त्याच सुमारास कोणीतरी माझ्यावर लेख लिहिला, ‘स्वबळावर उभी राहिलेली तरुण उद्योजिका’. ‘स्वबळावर’ हा शब्द मला फार आवडला. आवडला म्हणूनच कुणाला काही सोपवावं असं मला वाटेना, हे आज मागे बघताना दिसतं.

आणि मग ती रात्र.

चाचणीसाठी तयार केलेल्या खोट्या नोंदी पुसायच्या होत्या, साधारण तीनशे. स्क्रीनवर टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या, दोन खिडक्या उघड्या होत्या, एक चाचणीच्या सर्व्हरची आणि दुसरी खऱ्या सर्व्हरची. दोन्ही काळ्या, दोन्हींत पांढरी अक्षरं. कमांड दिली. उत्तराला जरा वेळ लागला आणि मग पुसलेल्या ओळींचा आकडा आला: अडीच लाखांच्या वर. तो वाचल्यावर मला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग खिडकीच्या माथ्यावरचं सर्व्हरचं नाव वाचलं आणि हात गार पडले. ६३ दवाखान्यांच्या मागच्या नोंदी गेल्या होत्या आणि पुढच्या सगळ्या वेळाही.

बॅकअप उघडले. आदल्या रात्रीची फाइल शून्य बाइटची. त्याच्या आदल्या रात्रीचीही तीच गत. मी मागे मागे जात राहिले आणि भरलेली फाइल सापडली ती ३७ दिवसांपूर्वीची. बॅकअप आधी त्याच सर्व्हरच्या डिस्कवर तयार व्हायचा आणि मग दुसरीकडे पाठवला जायचा. डेटा वाढत गेला, डिस्कवर जागा उरली नाही, आणि तेव्हापासून रोज रात्री तीनला रिकामी फाइल पाठवली जात होती. चूक झाल्याची सूचनाही रोज मेलने जात होती. ती जायची मित्राच्या कंपनीतल्या पत्त्यावर, आणि तो पत्ता त्याच्या जाण्यानंतर मीच बंद केला होता.

३७ दिवसांपूर्वीचा डेटा परत आणला तेव्हा तीन वाजून गेले होते. पण पुढच्या आठवड्यांच्या बहुतेक वेळा या ३७ दिवसांतच ठरलेल्या होत्या. त्या कुठे कुठे उमटल्या असतील याचा मी विचार करत बसले. वेळ ठरली की पेशंटला एसएमएस जायचा, त्यात नाव, तारीख आणि तास असायचा. पाठवलेल्या संदेशांची नोंद एसएमएस पुरवणाऱ्याकडे होती. शिवाय रोज सकाळी सहाला प्रत्येक दवाखान्याला पुढच्या सात दिवसांचं वेळापत्रक मेलने जात असे. या दोहोंवरून नोंदी परत उभ्या करणारा कोड मी पहाटेपर्यंत लिहिला. साडेपाचला सगळ्या दवाखान्यांना पत्र पाठवलं: काय झालं, चूक माझी आहे, काय गेलं आहे, आजचं वेळापत्रक कालच्या मेलमध्ये बघा. सातपासून मी आणि सहकारी फोनला बसलो. ६३ फोन. काही जण रागावले, काही जण धीर देत होते. एक थेरपिस्ट शांतपणे म्हणाल्या, “आम्ही वही फाडून टाकली होती, तुमच्यावर विसंबून.” त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्याभरात चार दवाखाने सोडून गेले आणि त्यांचं बरोबरच होतं.

दहातल्या नऊ नोंदी परत मिळाल्या. उरलेल्या होत्या त्या ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता, जे घरच्या फोनवरून वेळ घ्यायचे, म्हणजे बहुतेक म्हातारी माणसं. ज्यांना रिकाम्या हाती परत पाठवणं सगळ्यात वाईट, तीच.

पहिल्या दवाखान्यातल्या बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्याकडे सगळं आहे की. वहीत.” दोन वर्षं मी त्यांना वही बंद करा म्हणून सांगत होते. दोनदा लिहिणं म्हणजे दुप्पट काम, असं समजावत होते. त्यांनी ऐकलं नव्हतं. तासभर त्या फोनवर एकेक पान वाचत गेल्या आणि मी टाइप करत गेले. शेवटी मी विचारलं, “तुम्ही वही का सोडली नाहीत?”

“हे बघ बाळा, हे तू आज पहिल्यांदा विचारतेयस. पान मागे उलटलं की कोण बरेच दिवस फिरकलं नाही ते दिसतं. मग मी त्यांना फोन करते. तुझ्या स्क्रीनवर फक्त येणारे दिसतात.”

फिजिओथेरपी अर्ध्यावर सोडणारे पेशंट ही त्या क्षेत्रातली खरी अडचण आहे. दुखणं थोडं कमी झालं की माणूस यायचा थांबतो आणि सांधा तसाच राहतो. बाईंच्या त्या वाक्यावरून आम्ही ‘न आलेले’ ही यादी बनवली. आज आमच्याकडे सगळ्यात जास्त उघडला जाणारा तो भाग आहे.

काही दिवसांनी, प्रोग्रामरांचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला काय घडलं होतं ते मी मुळापासून वाचलं. तिथल्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसायची कमांड दिली. क्षणात लक्षात येऊन थांबवली, तोवर ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप घेणारं साधन आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्यांतल्या फरकामुळे बॅकअप होतच नव्हते, आणि चूक झाल्याच्या सूचनांचे मेल नाकारले जात होते. कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिच्यामुळे ते बचावले. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर सगळ्यांसमोर केलं आणि नंतर कारणं बारीकसारीक तपशिलासह प्रसिद्ध केली. न पोहोचलेले मेल हा भाग वाचताना मी बराच वेळ थांबले. इतकी मोठी कंपनी आणि मी, दोघीही त्याच दारात अडखळलो होतो. आम्हीही आमची कारणं लिहून सर्व ग्राहकांना पाठवली.

मग मी एक कोरा कागद घेतला आणि गुंतवणुकीच्या बैठकीतल्या त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले. पंधरा दिवस मी नसले तर काय बंद पडेल? यादी ३१ गोष्टींची झाली. सॉफ्टवेअरवाले याला बस फॅक्टर म्हणतात: किती माणसं अचानक बाजूला झाली की काम थांबेल तो आकडा. आमचा होता एक.

यादीतलं तांत्रिक काम त्यामानाने सोपं निघालं. खऱ्या सर्व्हरची खिडकी लाल केली. डेटाबेसमधला प्रत्येक बदल ज्या लॉगमध्ये आधी लिहिला जातो, तो सतत दुसरीकडे साठवायला सुरुवात केली, म्हणजे कोणत्याही मिनिटापर्यंत मागे जाता येतं. आणि दर शुक्रवारी कोणीतरी, मी सोडून, कोऱ्या मशीनवर बॅकअप रिस्टोअर करून दाखवायचा. फाइल असणं पुरेसं नाही, ती उघडून त्यातून काम चालू होतं की नाही हे बघायचं. पहिल्या शुक्रवारी नव्या सहकारी मुलीला माझ्या लिखित सूचनांवरून चार तास दहा मिनिटं लागली. ती अकरा ठिकाणी अडली, आणि त्या अकराही ठिकाणी मला जे ‘उघडच आहे’ असं वाटलं होतं ते मी लिहिलेलं नव्हतं. मी शेजारी बसले होते आणि तोंड मिटून राहणं अतिशय जड जात होतं. दोन महिन्यांनी तेच काम ३८ मिनिटांत व्हायला लागलं. आम्ही ग्राहकांना ९९.९ टक्के वेळ सेवा चालू ठेवायचा शब्द दिला होता. म्हणजे महिन्याला जेमतेम ४३ मिनिटांची मुभा. तो शब्द त्या दिवसापासून खरा झाला.

अवघड होतं ते बाकीचं. कोणाला काय कबूल केलं होतं, कोणत्या दवाखान्याशी कसं बोलायचं, हे सगळं माझ्या आठवणीत होतं. बिलांचं काम मी एका सहकाऱ्याकडे दिलं आणि त्याने तीन महिने पैसे न आलेल्या एका दवाखान्याला नेहमीची कडक नोटीस पाठवली. त्या थेरपिस्टचे पती तीन महिन्यांपूर्वी वारले होते. मला माहीत होतं, त्यांना मीच म्हटलं होतं की बिलाचं नंतर बघू. सहकाऱ्याला कसं कळणार? त्याला फार वाईट वाटलं. चूक त्याची नव्हती, लिहून न ठेवणारीची होती. मी त्या बाईंना भेटून माफी मागितली. त्यानंतर आम्ही प्रत्येक ग्राहकासाठी एक टिपण ठेवायला लागलो. पण त्यातही तारतम्य लागतं. लोक विश्वासाने जे सांगतात ते सगळं कंपनीच्या सिस्टिममध्ये टाकणं मला पटत नाही. म्हणून त्या टिपणात आता एवढंच असतं: ‘बिलाबद्दल आधी फोन करा.’ कारण लिहायचं नाही.

यादी संपायला दोन वर्षं लागली. २५ व्या वर्षी मी पंधरा दिवस खरोखर बाजूला झाले. लॅपटॉप सहकाऱ्यांच्या ताब्यात, कामाचा फोन बंद. पहिले चार दिवस मी झोपेतून दचकून उठत होते. नंतर झोप लागायला लागली.

परत आल्यावर नोंदी वाचल्या. नवव्या दिवशी एसएमएस पुरवणाऱ्याची सेवा तीन तास बंद पडली होती. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या सहकाऱ्याने आठवणीचे संदेश मेलवर वळवले, ज्यांचे मेल नव्हते त्यांच्या याद्या काढल्या आणि दवाखान्यांना स्वतः फोन केले. पुढच्या आठवड्यात त्याने दुसऱ्या पुरवठादाराशी करारही करून टाकला, मला न विचारता, माझ्या जुन्या मताच्या विरुद्ध. करार वाचला. त्याचं बरोबर होतं.

दुपारी पहिल्या दवाखान्यात फोन लावला. बाईंनीच उचलला.

“होतीस कुठे गं इतके दिवस? त्या दिवशी मेसेज गेले नाहीत तेव्हा तुमच्याकडच्या मुलाचा फोन आला होता. चांगला आहे हो. पुन्हा काही झालं तर त्यालाच फोन करेन म्हटलं. नंबर वहीत लिहून ठेवलाय.”

“पेन्सिलने?” मी विचारलं.

“छे, पेनने.”